धूर जिथे निघतो तिथेच धरा: कामाच्या जागी आणि इमारतीत धुरापासून बचाव

वेल्डर कामाला बसला की त्याचं डोकं नेमकं कुठे असतं, ते एकदा बाजूला उभं राहून बघा. सांध्यावर वाकलेलं, ठिणगीपासून जेमतेम हातभर अंतरावर. निळसर धूर सरळ वर चढतो, हेल्मेटच्या खालच्या कडेला आपटतो आणि तिथून आत वळतो, थेट नाकाशी. छताजवळ मोठा एक्झॉस्ट पंखा घोंघावत असतो. तो धूर ओढतो, यात शंका नाही. पण छतापर्यंत जाण्याआधी तो धूर त्या माणसाच्या तोंडावरून गेलेला असतो.

शेड, गोदामं आणि इमारती तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली. पैसे खर्च होतात, पण चुकीच्या टोकाला: छतावर पंखा आणि कपाटात मास्कचा खोका. म्हणून इथे क्रम तसा लावलाय जसा मी आता कामात लावतो. आधी उगम, मग धुराची वाट, आणि माणसाचं तोंड अगदी शेवटी.

आधी नुसतं बघा

काहीही विकत घेण्याआधी एक अख्खा दिवस द्या. वही घ्या आणि काम सुरू होताना, ऐन भरात असताना आणि संपल्यावर, अशा तीन फेऱ्या मारा. प्रत्येक ठिकाणी तीनच गोष्टी लिहा: धूर किंवा वाफ कशातून निघते, तिच्या वाटेत कोण उभं असतं, आणि किती वेळ.

उघड दिसणारे उगम सगळ्यांना माहीत असतात. निसटतात ते दुसरेच. बंद गोदामात फिरणारी गॅसवरची फोर्कलिफ्ट. इंजिन चालू ठेवून उभा असलेला ट्रक, आणि बरोबर त्याच्या डोक्यावर इमारतीत ताजी हवा खेचणारी जाळी. खिडकीखाली ठेवलेला जनरेटर. सोल्डरिंगचं टेबल, जिथे फ्लक्समधल्या (डाग देताना सांध्याला लावायच्या मालातल्या) राळेचा धूर वर्षानुवर्षं नाकात जातो आणि दमा जडतो. ऑपरेशन थिएटरमध्ये विजेच्या उपकरणाने ऊती कापताना निघणारा धूरही यातलाच. तो कापल्या जागेपासून पाच सेंटिमीटरच्या आत नळी धरून ओढून घेता येतो, तरी कितीतरी ठिकाणी कोणी ओढत नाही.

भिंती आणि छतही बोलतात. दिव्याच्या शेडवर काळी पुटं, एखाद्याच टेबलावरच्या छताला काजळी, बॉयलरच्या धुराड्याच्या सांध्याभोवती तपकिरी ओघळ: हे सगळं टिपा. मग माणसांशी बोला. "त्रास होतो का?" असं विचारलंत तर "नाही साहेब" एवढंच उत्तर मिळेल. त्याऐवजी विचारा, "सुट्टीत बरं वाटतं का? कामावर परत आलात की पहिल्या दिवशी कसं असतं?"

हा प्रश्न मला माझ्याच अंगावरून सुचला. तरुणपणी एका वर्कशॉपमध्ये मी दिवसभर जस्त चढवलेल्या पाइपांचं वेल्डिंग केलं, शटर अर्धं खाली ओढून. संध्याकाळपर्यंत काही नाही. रात्री तोंडात गोडसर, नाणं चघळल्यासारखी चव आली आणि मग अशी हुडहुडी भरली की दोन पांघरुणांतही दात वाजत होते. सकाळी अंग दुखत होतं, ताप मात्र उतरलेला. मिस्त्री म्हणाला, "दूध प्यायचं राहिलं ना?" दुधाने यात काहीही होत नाही. तो जस्ताच्या धुराचा ताप होता. धूर घेतल्यावर काही तासांनी चढतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो. रोज धूर घेतला की शरीर तात्पुरतं सरावतं आणि सुट्टीत तो सराव जातो. म्हणून हा ताप आठवड्याच्या पहिल्या दिवशी जास्त येतो. "सवय झाली" असं कोणी म्हणालं की तिथे काम नीट बघायचं असतं, कारण ताप यायचा थांबला तरी फुफ्फुसांना धुराची सवय होत नाही.

एक धोक्याची खूण इथेच सांगतो. कॅडमियमच्या धुराची सुरुवातही अशाच तापाने होते, पण पुढे फुफ्फुसं सुजून माणूस दगावू शकतो. जुन्या चांदी-ब्रेझिंगच्या (धातूचे तुकडे जोडायच्या) काड्यांत आणि काही मुलाम्यांत कॅडमियम असतं. कशावर काम केलं हे ठाऊक नसताना ताप आला, तर "जस्ताचाच असेल" म्हणून घरी झोपू नका. डॉक्टरकडे जा आणि धातूचं नाव सांगा.

नाकाच्या भरवशावर राहू नका

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं. फ्लूसारखंच, पण ताप नसतो. एकाच छताखालच्या दोघा-तिघांचं डोकं एकदम दुखू लागलं आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं, तर दुसरं काही शोधत बसू नका. सगळ्यांना बाहेर काढा.

हायड्रोजन सल्फाइडचं उलट. थोडा असतो तेव्हा सडक्या अंड्यांचा भपकारा येतो. प्रमाण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) आसपास गेलं की नाकच बधिर होतं. माणसाला वाटतं वास गेला, म्हणजे वायू गेला. आणि तो पुढे पाऊल टाकतो.

जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वतः कार्बन मोनॉक्साइड हुंगून त्याचे परिणाम नोंदवले. छोट्या प्राण्यांवर हा वायू माणसाआधी परिणाम करतो, म्हणून खाणीत ते सोबत न्यावेत, हे त्याने सुचवलं. ब्रिटनच्या खाणींतून कॅनरी पक्षी निवृत्त झाले ते थेट १९८६ मध्ये. आज त्यांचं काम मीटर करतो.

मीटर घेताना चार वायूंचा घ्या: ऑक्सिजन, ज्वालाग्राही वायू, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड. रोज वापरण्याआधी ठरावीक वायू सोडून तो आवाज देतो की नाही हे बघायचं. याला बंप टेस्ट म्हणतात. पडद्यावर शून्य दिसतंय म्हणजे हवा शुद्ध आहे असं नाही, सेन्सर मेलेला असला तरी शून्यच दिसतं. ज्वालाग्राही वायूचा जुन्या पद्धतीचा सेन्सर सिलिकॉनच्या स्प्रेने निकामी होतो आणि ऑक्सिजन कमी असेल तर कमी आकडा दाखवतो.

धूर होऊच नये अशी सोय

एक एक काम घेऊन विचारा: हे धुराशिवाय होईल का? वेल्डिंगऐवजी नट-बोल्ट चालेल? शेडच्या आत चालणारी डिझेलची फोर्कलिफ्ट बॅटरीवर नेता येईल? डिझेलच्या इंजिनाचा धूर २०१२ पासून आणि वेल्डिंगचा धूर २०१७ पासून जागतिक कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात आहे, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींत. तेव्हा हा प्रश्न हौसेचा नाही.

वेल्डिंग टाळता येत नसेल तर पत्रा आधी साफ करा. सांध्याच्या दोन्ही बाजूंचा रंग, तेल, जस्ताचा थर घासून काढला की अर्धा त्रास तिथेच संपतो. मात्र क्लोरीनयुक्त द्रावणाने पुसलेला भाग ओला असताना किंवा त्याची वाफ आसपास असताना आर्क (वेल्डिंगची विजेची ज्योत) पेटवू नका. त्या प्रखर उजेडात आणि उष्णतेत वाफेचं फॉस्जीन बनतं, जो पहिल्या महायुद्धात विषारी वायू म्हणून वापरला गेला होता. स्टेनलेस स्टीलच्या धुरात हेक्साव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचं कर्करोग करणारं रूप) आणि निकेल असतं. ते काम वेगळ्या कोपऱ्यात आणि सर्वांत चांगल्या ओढीखाली ठेवा.

उगमापाशी धरणं

फुंकर मारून दिवा हातभर अंतरावरून विझतो. तोंडाने हवा आत ओढून तोच दिवा विझवून बघा, ओठ पोळायची वेळ येईल तरी विझणार नाही. फुंकलेली हवा एका दिशेने लांब जाते. ओढलेली हवा चहूबाजूंनी येते, म्हणून तिचा जोर नळीच्या तोंडाशीच संपतो. ही एक गोष्ट समजली की धुराची निम्मी कामं बरोबर होतात.

आकड्यांत सांगतो. १५ सेंटिमीटर व्यासाच्या नळीच्या तोंडाशी हवेचा जो वेग असतो, तो साडेसात सेंटिमीटरवर जेमतेम पाव उरतो. १५ सेंटिमीटरवर शंभरात सात. ३० सेंटिमीटरवर शंभरात दोन. वेल्डिंगचा धूर वळवून घ्यायला ठिणगीपाशी साधारण अर्धा मीटर प्रति सेकंद वेग लागतो. नळी २० सेंटिमीटरवर असेल तर त्यासाठी तासाला सुमारे ७५० घनमीटर हवा ओढावी लागते. ४० सेंटिमीटरवर नेलीत तर सुमारे २,९००. अंतर दुप्पट, पंखा जवळजवळ चौपट. म्हणून मोठा ब्लोअर घेण्याआधी नळी जवळ आणा.

नळी कुठे धरायची हेही महत्त्वाचं. धूर वर जातो म्हणून ती डोक्यावर लावू नका, मग नाक मध्ये येतं. उगमाच्या पलीकडे, किंचित वर धरा, म्हणजे धूर माणसापासून दूर जाईल. नळीच्या तोंडाभोवती चार बोटं रुंद सपाट कॉलर लावला की मागची फुकट हवा ओढली जात नाही आणि साधारण पाव हवा वाचते. पत्र्याचा तुकडा कापून तासाभरात होणारं काम आहे.

वेल्डर नळी ढकलून देतात ही तक्रार मी प्रत्येक सुपरवायझरकडून ऐकलीय. त्यांचंही खरं असतं. वारा जोराचा झाला की शील्डिंग गॅस (तापलेल्या सांध्याला हवेपासून झाकणारा वायू) उडतो, सांध्यात भोकं पडतात आणि बोलणी त्यालाच खावी लागतात. उपाय म्हणजे त्याच्यासोबत उभं राहून नळी थोडी थोडी मागे घेत जाणं: धूर वळतोय आणि सांधा मात्र बिघडत नाही अशी जागा सापडते. तिथे जमिनीवर, टेबलावर रंगाची खूण करा. आणि ज्या नळीचा हात एका बोटाने हलत नाही, ती कोणी हलवणार नाही. सांध्यांना तेल द्या किंवा ती बदला.

ओढ तपासायला टिश्यू पेपरची पट्टी पुरते. उगमाच्या जागी धरा, ती नळीकडे ठामपणे झुकली पाहिजे. मग शटर उघडा, उभा पंखा चालू करा, पुन्हा धरा. कितीतरी शेडमध्ये इथेच कळतं की माणसाला गार वाटावं म्हणून लावलेला पंखा सगळा धूर नळीपासून पळवून नेत होता.

बाहेर काढलेल्या हवेची भरपाई

जितकी हवा बाहेर ढकलता तितकी आत यायला हवी. वाट ठेवली नाही तर ती स्वतः वाट शोधते. दार उघडायला जड जातं, फटीतून शिट्टी वाजते. सगळ्यात वाईट म्हणजे बॉयलरचं किंवा गॅस गीझरचं धुराडं उलटं वाहू लागतं आणि जळका वायू खोलीत येतो. म्हणजे धूर काढायला लावलेल्या पंख्यानेच कार्बन मोनॉक्साइड आत ओढला. मोठा एक्झॉस्ट बसवलात की त्याच दिवशी इमारतीतलं प्रत्येक धुराडं पंखा चालू ठेवून तपासा.

आत येणारी हवा स्वच्छ बाजूने घ्या, माणसाच्या पाठीमागून कामाकडे वाहील अशी. हवा घेण्याची जाळी ट्रक थांबतात तिथून किमान साडेसात मीटर लांब असावी. छतावर डांबराचं काम निघालं तर त्या दिवसापुरती जाळी झाका किंवा काम इमारत रिकामी असताना करा. आणि काम थांबताच पंखा बंद करू नका. खोलीतली हवा तासाला सहा वेळा बदलत असेल, तरी शंभरातला नव्व्याण्णव भाग धूर जायला पाऊण तास लागतो.

मास्क, सगळ्यात शेवटी

एन-९५ किंवा एफएफपी-२ मास्क कण अडवतो. वायू आणि वाफ त्यातून सरळ जाते. रंगाच्या, थिनरच्या वाफेला सेंद्रिय वाफेचं कार्ट्रिज (मास्कला लावायची, वाफ शोषणारी डबी) हवं. फवारणी असेल तर त्यावर कणांचा फिल्टरही. कार्बन मोनॉक्साइडवर नेहमीची कार्ट्रिजं चालत नाहीत. आणि कोणताही फिल्टर हवेत नसलेला ऑक्सिजन निर्माण करत नाही.

नीट बसलेला अर्ध्या चेहऱ्याचा मास्क धूर साधारण दहा पटीने कमी करतो. दाढीचे खुंट वाढले, मास्क कडेने उचलला गेला, की ते दहा पट कागदावरच राहतात. म्हणून मास्क वाटण्याआधी प्रत्येकाची फिट टेस्ट (मास्क चेहऱ्याला कडेने घट्ट बसतो का याची तपासणी) करा, आणि एकाच मापाची पेटी मागवू नका. कार्ट्रिज "वास यायला लागला की बदलू" असं म्हणत थांबू नका; तारीख लिहून ठरलेल्या तासांनी बदला. दाढी ठेवणाऱ्यांसाठी किंवा आठ तास धुरात राहणाऱ्यांसाठी हवा पुरवणारा हूड घ्या.

टाकी, खड्डा, मॅनहोल

इथे घाईला जागा नाही. एक माणूस आत कोसळतो, दुसरा त्याला वाचवायला उडी मारतो, मग तिसरा. बंदिस्त जागेतल्या मृतांत वाचवायला गेलेल्यांचा वाटा फार मोठा असतो, आणि ती सगळी चांगली, धाडसी माणसं असतात. म्हणून टाकीच्या तोंडाशी ठळक लिहा: आत पडलेल्याच्या मागे कोणी उतरायचं नाही.

उतरण्याआधी दोरीने मीटर खाली सोडा आणि वर, मध्ये, तळाशी मोजा, कारण काही वायू तळाशी साचतात आणि काही वर. आधी ऑक्सिजन: ताज्या हवेत तो २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली कोणी उतरायचं नाही. मग ज्वालाग्राही वायू: स्फोटाच्या किमान पातळीच्या (ज्या प्रमाणापासून वायू पेट घेऊ शकतो त्याच्या) १० टक्क्यांवर गेला की थांबा. मग विषारी वायू. आत काम चालू असेपर्यंत ब्लोअर आणि मीटर दोन्ही चालू. आतल्या माणसाला हार्नेस आणि दोर, वर तिपाई आणि विंच, आणि तोंडाशी एक माणूस ज्याला दुसरं कुठलंही काम नाही, फोनही नाही. वारा घालायला ऑक्सिजनचा सिलिंडर कधीही सोडू नका. कपडे एका ठिणगीने पेटतात.

आग लागली तर धूर कुठून जाईल?

२१ नोव्हेंबर १९८० रोजी लास व्हेगासमधल्या एमजीएम ग्रँड हॉटेलला आग लागली. ती खालच्या कॅसिनोच्या मजल्यावरच होती. ८५ माणसं गेली, त्यातली बहुतेक कितीतरी मजले वर, धुराने. जिने, लिफ्टचे शाफ्ट, हवेचे डक्ट यांतून धूर वर पोचला. उंच इमारतीत आत-बाहेरच्या तापमानाच्या फरकाने ही उभी भोकं धुराड्यासारखी वागतात.

तुमच्या इमारतीत तळघरापासून गच्चीपर्यंत पायी जा. केबल आणि पाइप जिथे स्लॅबमधून गेलेत तिथे बॅटरी मारा. वरचा उजेड खाली दिसला तर धूरही त्याच वाटेने जाईल. ते भोक अग्निरोधक मालाने भरा. फोमचा साधा स्प्रे चालत नाही. जिन्याच्या अग्निरोधक दारांना कुंडी किंवा वीट लावून उघडी ठेवतात, ती आजच काढा. दार उघडं ठेवणं भागच असेल तर अलार्म वाजताच सुटणारा चुंबक बसवा. आगीचा अलार्म झाल्यावर वातानुकूलनाचा ब्लोअर आपोआप बंद होतो का, हे बटण दाबून बघा. कागदावरच्या उत्तरावर थांबू नका.

धुराचे डिटेक्टर महिन्यातून एकदा वाजवून बघा आणि दहा वर्षांनी बदला. धुमसणारी आग प्रकाशावर चालणाऱ्या डिटेक्टरला लवकर कळते. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा असतो.

इमारतीत वेल्डिंग किंवा कटिंग काढलं असेल तर परवाना, झाकलेली भोकं आणि काम संपल्यावर किमान तासभर तिथेच थांबणारा माणूस. ११ एप्रिल १९९६ ला ड्युसेलडॉर्फ विमानतळावर १७ जण मेले. वर रस्त्याच्या सांध्यावर वेल्डिंग चालू होतं आणि खाली छतात पॉलिस्टिरीनचा थर होता.

धुरात अडकलात तर खाली वाका, गुडघ्यांवर चालत जा, मागे दारं लावत जा. ओल्या फडक्याने काजळी थोडी अडते. कार्बन मोनॉक्साइड आणि गाद्यांच्या फोममधून निघणारं हायड्रोजन सायनाइड अडत नाही. फडकं शोधण्यात वेळ घालवू नका.

बाहेरून, वणव्याचा धूर येत असेल तर उलट वागायचं: बाहेरची हवा कमी करा, खिडक्या लावा, यंत्रणेत मर्व्ह-१३ दर्जाचा (बारीक कण अडवणारा) फिल्टर टाका आणि एक खोली हेपा फिल्टरच्या यंत्राने स्वच्छ ठेवा. आत काहीही जाळू नका.

माणूस धुरात सापडला तर

आधी स्वतःचा जीव सांभाळून त्याला मोकळ्या हवेत आणा. श्वास नसेल तर सीपीआर सुरू करा आणि रुग्णवाहिका बोलवा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ९८ दिसलं म्हणून सोडून देऊ नका: ते यंत्र कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिनही ऑक्सिजनचंच समजतं. खरं प्रमाण कळायला रक्ताची वेगळी तपासणी लागते. साध्या हवेत तो वायू निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण दीड तास. म्हणून ऑक्सिजन मिळेल तिथे लवकर न्या.

फॉस्जीन आणि नायट्रोजन डायऑक्साइड (वेल्डिंगच्या उष्णतेत हवेतूनच बनणारा वायू) यांचं वागणं फसवं आहे. माणूस थोडा खोकतो, मग बरा वाटतो, चालत घरी जातो. फुफ्फुसांत पाणी भरायला कित्येक तासांनी सुरुवात होते. असा माणूस ठीक दिसला तरी त्याला रुग्णालयात दाखवा, त्या दिवशी जड काम देऊ नका, आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत कोणीतरी त्याच्यासोबत राहील याची व्यवस्था करा. चिठ्ठीवर लिहून द्या: कोणता धातू, कोणतं द्रावण, किती वाजता, किती वेळ. रात्री दोन वाजता धाप लागली तर तपासणाऱ्या डॉक्टरच्या हातात ती चिठ्ठी असली पाहिजे.